सातने भाग न जाणारी संख्या

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सर, छत्तीस वर्षं गणित शिकवलंत. गमतीजमती लिहा. उत्तरपत्रिकांतले विनोद वगैरे." म्हटलं, लिहितो. विनोद काही कमी नाहीत माझ्याकडे. दोन पानं लिहूनही झाली होती. मग ती फाडून टाकली, कारण ज्या गोष्टीवर सगळा हॉल हसला होता, ती मी त्यात घातली नव्हती. आणि ती वगळून बाकीचं सांगणं म्हणजे शुद्ध लबाडी झाली असती.

रत्नागिरीत मला 'ताळेमास्तर' म्हणत. अजूनही म्हणतात, बाजारात मासळी घेताना मागून ऐकू येतं. हे नाव पडलं नवाच्या ताळ्यावरून. ज्यांना शाळा सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्या संख्येतले सगळे अंक मिळवायचे, आलेल्या उत्तरातले अंक पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. हा त्या संख्येचा ताळा. मोठा गुणाकार केला की दोन्ही संख्यांचे ताळे गुणून बघायचे, उत्तराच्या ताळ्याशी जुळले तर गणित बहुधा बरोबर. त्यातला 'बहुधा' महत्त्वाचा. पण तो मी मुलांना सांगत नसे, कारण मग ती ताळा करायचाच कंटाळा करत. पुढेपुढे मी स्वतःलाही तो सांगेनासा झालो. वर्गात, स्टाफरूममध्ये, निकालपत्रक तपासताना, कुठेही आकडे उतरवले की मी मोठ्याने ताळा करायचो आणि "जुळला!" म्हणून खडू आपटायचो. पोरं नक्कल करत. मला ते आवडायचं.

गणिताच्या मास्तरकडे गावातली माणसं कसल्या कामाला येतात, ते बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. एक बागायतदार होते, त्यांना जीपसाठी बेरीज नऊ येणारा नंबर हवा होता. आरटीओ ऑफिसातून त्यांना चार नंबर निवडीला मिळाले होते, ते घेऊन माझ्याकडे आले. एकाची बेरीज नऊ होती, पण त्यांना त्यातला आठ शेवटी नको होता. "मास्तर, हा आठ पुढे आणला तर नऊ मोडेल काय हो?" मी म्हटलं, "काका, आकडे कसेही फिरवा, पुढचे मागे करा, बेरीज तीच राहणार." ते खूश होऊन गेले आणि आंब्याच्या दिवसांत एक पेटी पाठवली. हे वाक्य मी त्यांना सांगितलं होतं, माझ्या तोंडाने, हे वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावं.

दुसरे मालगुंडचे एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी मूळ संख्यांचं सूत्र शोधलं होतं. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही ती, जशी सात, अकरा, तेरा. अशा संख्या कोणत्या क्रमाने येतात याचं सोपं सूत्र भल्याभल्यांना मिळालेलं नाही. पोस्टमास्तरांना ते देवळात बसल्याबसल्या मिळालं होतं. चाळीस पानांचं बाड. मी ते ओळ न् ओळ वाचलं. महिन्यातून एक रविवार, असे चार रविवार, चहा-पोह्यांसकट त्यांना माझ्या ओटीवर बसवून घेतलं. एकतिसाव्या पानावरची चूक इतक्या हळुवारपणे दाखवली की जाताना त्यांनी मला आशीर्वाद दिला. ते वयाने मोठे, घरंदाज, बोलणं शुद्ध. अशा माणसाचं बाड न वाचता परत करावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सुगंधाची वही मी उघडली नाही.

सुगंधा दहावी ब मध्ये होती. सावर्ड्याहून आत, डोंगराच्या कुशीत तिचं गाव. वडील मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये, आई गावी भातशेती सांभाळून. ही शिकायला म्हणून मामाकडे रत्नागिरीत राहिली होती. मामाचं किराणा मालाचं छोटं दुकान. पोरगी मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही, आणि बोलली की गावचं बोलायची, म्हणून शहरातल्या मुली तोंडावर हात धरायच्या. गणितात मार्क चांगले, पण असे मार्क असलेली मुलं दर वर्षी चार-पाच असतात. माझं तिच्याकडे विशेष लक्ष होतं असं मी आता म्हणू शकत नाही.

ती नववीत असताना मी तिच्या वर्गाला एक खेळ दिला होता. त्र्याहत्तर ही मूळ संख्या. शेवटचा तीन झाका, सात उरतो, तोही मूळ. सातशे एकोणचाळीस घ्या. नऊ झाका, त्र्याहत्तर. तीन झाका, सात. प्रत्येक वेळी मूळच. अशी जास्तीत जास्त लांब संख्या शोधून आणा. तास संपायला दहा मिनिटं उरली की मी असली कोडी टाकून मोकळा व्हायचो. पोरं तीन अंकांपर्यंत गेली, दोघं चारपर्यंत, आणि मग वार्षिक परीक्षा आली. मी विसरूनही गेलो.

सुगंधा मे महिनाभर तेच करत होती. ती पोचली आठ अंकांपर्यंत. संख्या अशी: ७३९३९१३३. शेवटून एकेक अंक झाकत जा, सातापर्यंत या, प्रत्येक पायरीवर मूळ संख्याच हाती लागते. पण आठ अंकी संख्या मूळ आहे हे ठरवायचं कसं? त्या संख्येला एकामागून एक मूळ संख्यांनी भागून बघायचं, साडेआठ हजारांच्या थोडं वरपर्यंत. त्याच्यापुढे जायची गरज नसते, कारण मोठा विभाजक असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच आणि तो आधीच सापडलेला असतो. त्या टप्प्यात हजाराहून अधिक मूळ संख्या येतात. म्हणजे हजाराहून अधिक भागाकार, तेही हाताने, कारण मामाच्या दुकानातलं कॅल्क्युलेटर दिवसभर दुकानात लागायचं. आणि भागायला मूळ संख्यांची यादी हवी, तीही तिने आलेखाच्या कागदावर एकेक संख्या खोडत स्वतः तयार केली होती.

दहावीच्या दिवाळीनंतर जिल्ह्याच्या विज्ञान-गणित प्रदर्शनासाठी शाळेतून एक प्रकल्प निवडायचा होता. आदल्या आठवड्यात तिचा मामा शाळेत आला. चपला दाराबाहेर काढून उभा. मी आत बोलावलं तरी उंबऱ्यावरच.

"मास्तर, पोरीचा बापूस मुंबईसून आला होता. म्हनतो, धावी झाली की गावी धाडा. मी म्हनलं, भावोजी, पोर हुशार हाय, सायन्सला जाऊंदे. तवा म्हनला, हुशार हाय तं परदर्शनात नंबर लागूंदे, जिल्ह्याला जाऊंदे, मंग बघू." मामाने हात जोडले. "तुमच्या हातात हाय म्हनून आलो."

मी म्हटलं, "माझ्या हातात काही नाही हो, प्रकल्पात दम असला तर जाईल." हे मी अगदी न्यायाने बोललो. पण पैज काय लागली आहे हे मला ठाऊक होतं, हे मला आता नाकारता येत नाही.

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये आठवी ते दहावीची मुलं सतरंजीवर, आम्ही तीन शिक्षक खुर्च्यांवर. नेहमीचा ज्वालामुखी आला, सोडा आणि व्हिनेगरवाला. पावसाचं पाणी साठवायचं मॉडेल आलं. मग सुगंधा. तिच्याकडे मॉडेल नव्हतं. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी होती, तिच्यावर आठ चौकोन, प्रत्येकात एक अंक, आणि शेवटून एकेक चौकोन मागे दुमडता येत होता. दुसऱ्या हातात कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही. तिने पट्टी दुमडून दाखवली, प्रत्येक वेळी "ही पन मूळ" म्हणाली. मागच्या मुली हसायला लागल्या. ज्वालामुखीनंतर हे त्यांना फारच कोरडं वाटलं असणार. मलाही तास आवरायचा होता.

मी उठलो. म्हटलं, बघू तर खरं. तिच्या पट्टीकडे एक नजर टाकली आणि फळ्यावर संख्या लिहिली. मग सवयीप्रमाणे ताळा केला, मोठ्याने. "पट्टीवरची बेरीज अडतीस. फळ्यावरची अडतीस. जुळला!" खडू आपटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी तीनने बघितलं, जात नव्हतं. सातने भागायला घेतलं आणि भागत गेलो. शेवटी बाकी उरली शून्य. एक कोटी पाच लाख बासष्ट हजार सातशे एकोणसाठ वेळा सात. पूर्ण भाग.

"अगं, ही सातने जात्येय की!" मी म्हटलं. "हजार भागाकार केलेस म्हणतेस, त्यात साताचा राहिला होय?"

सगळा हॉल हसला. माझे सहकारीसुद्धा हसले. मी खोटं कशाला सांगू, मीही हसलो. वर्गाला हसवता आलं की मास्तरला बरं वाटतंच.

ती म्हणाली, "सर, सातनं मी पयल्याच पानावर केलाय." आणि वही पुढे केली.

मी म्हटलं, "गणितात तोंड चालत नाही, हात चालतो. फळ्यावर आहे बघ." वही तिच्या हातातून घेतली आणि टेबलावरच्या इतर वह्यांवर ठेवली. ती फळ्याकडे बघत होती, मग पट्टीकडे, मग पुन्हा फळ्याकडे. तेवढ्यात पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. जिल्ह्याला ज्वालामुखी गेला.

मार्चमध्ये ती बोर्डाला बसली. गणितात तिला दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस होते. जूनमध्ये मामा एकटाच शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. मला बघून त्याने नुसता नमस्कार केला. मी काय म्हणालो? "हुशार पोर हो, शिकवायला हवं होतं." आणि तासाला निघून गेलो.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात कपाट रिकामं करत होतो. जुनी निकालपत्रकं, मोडके कंपास, आणि तळाशी कॅलेंडरचं कव्हर घातलेली वही. नाव वाचल्यावर वही कुठली ते आठवलं आणि, सांगायला लाज वाटते, पहिल्यांदा हसूच आलं. मग वही उघडली. दहा वर्षांनी. पहिल्या पानावर वर ती संख्या, खाली ओळीने भागाकार. दोन: बाकी १. तीन: बाकी २. पाच: बाकी ३. चौथी ओळ, सात: बाकी २.

मी म्हटलं, छे. तिथेच उभ्याने पेन काढून ७३९३९१३३ ला सातने भागलं. बाकी दोन. पुन्हा भागलं. दोनच. मग स्टुलावर बसलो आणि त्या दिवशी हॉलमध्ये आलेलं उत्तर घेऊन उलटा गुणाकार केला. तो भागाकार मी दहा वर्षं गंमत म्हणून सांगत आलो होतो, त्यामुळे आकडा पाठ होता. उत्तर आलं ७३९३९३१३. शेवटचे तीन अंक बघा. तिच्या पट्टीवर एक-तीन-तीन. माझ्या फळ्यावर तीन-एक-तीन. मी दोन अंकांची अदलाबदल केली होती. आणि ताळा जुळला होता, कारण आकडे कसेही फिरवले तरी बेरीज तीच राहते. बागायतदार काकांना मी हेच सांगून आंब्याची पेटी घेतली होती.

दुसरा एक ताळा असतो, अकराचा. त्यात एक आड एक अंक वेगवेगळे मिळवून वजाबाकी करतात. तिच्या संख्येची येते अठरा, माझ्या फळ्यावरची चौदा. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल तो बरोबर पकडतो. मला तो येत होता. मी तो शिकवायचो नाही, जास्त वेळ लागतो म्हणून.

त्या दिवशी दुपारभर मी वही वाचली. पोस्टमास्तरांचं बाड वाचलं होतं तशी, ओळ न् ओळ. दोनशे पानांत मला एक चूक सापडली नाही. शेवटच्या पानांवर ती नववा अंक शोधत होती. एक लावला तर तीनने भाग जातो, सात लावला तरी तीनने जातो, हे तिने चटकन लिहून टाकलं होतं. तीन आणि नऊ लावून बघणं चालू होतं, तेवढ्यात निवडीचा दिवस आला आणि वही माझ्या कपाटात गेली. पुढे माझ्या भाच्याने कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, मामा, ही तर प्रसिद्ध संख्या आहे. या जातीच्या संख्यांत हीच सगळ्यात मोठी. नववा अंक लागतच नाही. जगाला आधीच माहीत असलेलं काही तिने नव्याने शोधलं होतं असं मी म्हणत नाही. पण दहावीतली पोरगी किराणा दुकानाच्या माळ्यावर बसून, हाताने भागाकार करत, ज्या टोकाला गणित जाणणारी माणसं पोचतात तिथे एकटी पोचली होती. आणि तिथे तिला तिचा मास्तर भेटला.

हे कळल्यावर मी लगेच धावत गेलो असेन असं वाटेल. नाही गेलो. तिच्या मामाचं दुकान बंद झालं होतं, एवढं निमित्त मला पुरलं. तीन वर्षं गेली. एका लग्नात जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, सुगंधा सावर्ड्यात असते, झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते, नवरा रिक्षा चालवतो. तरीही मी पाऊल उचलेना. शेवटी गेल्या नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. माणूस जिवंत आहे हे दर वर्षी मशीनवर अंगठा ठेवून सिद्ध करावं लागतं. रत्नागिरीत दहा ठिकाणी होतं हे काम. मी वही पिशवीत घातली, एसटीत बसलो आणि सावर्ड्याला उतरलो. नुसती माफी मागायला जायची हिंमत नव्हती, म्हणून गिऱ्हाईक होऊन गेलो.

हायवेलगतच दुकान. बाकावर चार-पाच माणसं कागद घेऊन बसलेली. तिने मान वर केली आणि लगेच ओळखलं.

"सर! या, बसा. पानी देऊ?"

मी पाणी प्यायलो. मनात भाषण तयार होतं, ते सगळं गेलं. वही काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सुगंधा, तुझी संख्या मूळच आहे. सातने जात नाही. मी फळ्यावर चुकीची उतरवली होती. एकशे तेहेतीसच्या जागी तीनशे तेरा."

"हो," ती म्हणाली. "म्हायत्येय मला."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी, घरी जाताना. पट्टी हातात होती ना, चालताचालता बघत व्हते. तुम्ही मोठ्यानं भागत होतात ते आकडे ध्यानात व्हते. साळवी स्टॉपपर्यंत समजलं."

"मग सांगितलं का नाहीस गो?"

तिने एका म्हाताऱ्या बाईचा कागद मशीनवर पालथा घातला, बटण दाबलं. उजेड सरकून गेला. मग म्हणाली, "आलेले ना सर. दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत. शिक्षकांच्या खोलीपाशी. तुम्ही चहा पीत व्हतात. मला बघून बोललात, काय गो, आज आनखी सातनं जानारी आनलीस काय? सगळे हसले. मग मी गेले."

मी खूप आठवायचा प्रयत्न केला. एसटीत केला, घरी येऊन केला, हे लिहितानाही करतो आहे. मला ते आठवत नाही. हॉलमधला प्रसंग मला खडूच्या आवाजासकट आठवतो, कारण तिथे मी मास्तर म्हणून उभा होतो. दारातली पोरगी आठवत नाही. त्या दिवशी मी चहा संपवला असणार आणि पुढच्या तासाला त्रिकोणमिती शिकवली असणार. माझी चूक आकड्यांची झाली होती असं मी तीन वर्षं समजत होतो. आकड्यांची चूक तर मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती, ती स्वतः चालत दाराशी आली होती.

"नववा अंक लागत नाही," मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो.

"नाय लागत. तीन लावला तरी भाग जातो, नऊ लावला तरी पन. गावी गेल्यावर पावसात पुरं केलं मी." तिने वही उघडली, पहिल्याच पानावर, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मग मिटून खणात ठेवली. बाकावरचा एकजण म्हणाला, "ताई, आमचा बघताय ना?" ती म्हणाली, "सरांचं करून घेते, लांबून आलेत."

पेन्शनच्या कागदावरचा लांबलचक नंबर तिने टाईप केला. मशीनवर माझा अंगठा दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. प्रिंट निघाली. मी हयात असल्याचा कागद तिने माझ्या हातात दिला.

"सर, नंबर बघून घ्या. एक जरी इकडचा तिकडं झाला तर परत यावं लागंल."

मी चष्मा लावला. एकेका आकड्यावर बोट ठेवून, जुन्या कागदाशी ताडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हटलं, "बरोबर आहे."

तिने दोन्ही कागद माझ्या हातातून घेतले आणि पहिल्या आकड्यापासून पुन्हा स्वतः वाचले.